चाळीस सेकंदांची लय

कोंडाजी धिंदळेला प्रयोगशाळेत बोलावलं जायचं ते फक्त वाईट उदाहरण म्हणून. कुणी मोठा पाहुणा पाहणीला आला की केंद्राचा शिपाई चहाच्या टपरीपर्यंत यायचा आणि म्हणायचा, "चला, तुमची गरज पडली." मग कोंडाजी अर्धा चहा टाकून, मनातल्या मनात शिव्या घालत त्या गार काचेच्या खोलीत जाऊन बसायचा. नऊ वर्षं रुग्णवाहिका चालवली, घाटात एकदाही ब्रेक चुकला नाही, आणि मान काय मिळाला, तर वाईट उदाहरणाचा.

त्या दिवशीचे पाहुणे होते डॉ. सोहोनी. मनोविकारांचे जुने जाणकार, राज्याच्या समितीवरचे, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणारे दुर्मीळ गृहस्थ. त्यांच्यासमोर केंद्राच्या संचालक डॉ. विभावरी रणदिवे उभ्या होत्या. शेजारी खुर्चीत बसली होती इंदुमती भांगरे, कोंडाजीच्या गाडीवरची तातडी सेविका. कोंडाजी तिला ताई म्हणायचा, ती त्याला दादा म्हणायची, आणि नऊ वर्षांत दोघांचं भांडण झालं नाही असा आठवडा नसेल.

पिंपळदऱ्याचं हे केंद्र डोंगराळ भागातल्या बेचाळीस रुग्णवाहिकांसाठी होतं. वाडीवस्तीवर माणूस बिथरला, कोयता घेऊन अंगणात उभा राहिला, किंवा जिवावर उदार होऊन दार लावून बसला, तर मनोविकारतज्ज्ञ तिथे कुठून येणार? येणार ती रुग्णवाहिका. तिच्यातल्या माणसाकडे पूर्वी दोनच औषधं असत, दोरी आणि इंजेक्शन. ती वेळ येऊ नये म्हणून त्यांना शिकवायचं, हे केंद्राचं काम.

"बिथरलेल्या माणसासमोर शांत माणूस बसवला की तो निवतो, हे गावातल्या सुईणीलाही ठाऊक होतं," सोहोनी म्हणाले. "तुम्ही त्यात नवीन काय केलंत?"

"मोजलं," रणदिवेबाई म्हणाल्या. "दोन माणसं जवळ बसून बोलू लागली की त्यांचे श्वास, नाडीचे ठोके, आवाजातले चढउतार हळूहळू एकमेकांशी जुळत जातात. दोघांची मिळून एक लय होते. आम्ही त्याला लयबंध म्हणतो. आता कुणी कुणाच्या लयीत जायचं? तर कमी स्थिर असतो तो जास्त स्थिर असलेल्याकडे ओढला जातो. थोराड बैलाशेजारी गोऱ्हा जुंपला की गोऱ्हा त्याच्या चालीने चालायला लागतो, तसंच. आम्ही फक्त थोराड बैल तयार केला."

"बैल मला म्हणतायत बरं का, दादा," इंदुमती हळूच म्हणाली.

"मग काय खोटं आहे?" कोंडाजी पुटपुटला.

रणदिवेबाईंनी इंदुमतीच्या कानामागचे केस बाजूला केले. तिथे चिंचोक्याएवढी एक तपकिरी चकती चिकटलेली होती. "ही लयपट्टी. मानेतल्या मज्जातंतूला ती सारखे बारीक ठोके देते आणि माणसाला एका ठरलेल्या आदर्श लयीवर धरून ठेवते. समोरचा कितीही किंचाळला तरी आमची सेविका हलत नाही. साधारण अकरा मिनिटांत तोच तिच्या लयीत येतो. पट्टी काढली तरी मुरलेली लय महिनाभर टिकते."

"आणि हा मनगटावरचा दिवा?"

"लयदिवा. दोघांच्या लयीत अंतर असेल तर लाल, अंतर कमी झालं की पिवळा, दोघं एका स्थिर लयीत आले की हिरवा. समोर धरण्याजोगी लय नसेल तर सेविका स्वतः आदर्श लयीवर आहे का, तेवढं दाखवतो. हिरवा दिवा दहा मिनिटं टिकला की काम झालं. मग रुग्णाला घरच्यांच्या हवाली करायचं आणि तिसऱ्या दिवशी जाऊन बघून यायचं. दोन वर्षांत एकदाही दोरी काढावी लागलेली नाही."

सोहोनींनी चष्मा पुसला. "कोण कुणाकडे आलं, हे दिवा सांगतो का?"

"सांगण्याची गरज काय? आमचा माणूस स्थिर, रुग्ण अस्थिर. जो हलतो तोच येणार."

सोहोनींनी मान डोलावली. उत्तर बिनतोड होतं. कोंडाजीला मात्र काहीतरी खुपलं, पण काय ते सांगता येईना. आणि वाईट उदाहरणाला विचारतो कोण?

मग त्याचा खेळ झाला. परीक्षेच्या भीतीने रडवेली झालेली एक शिकाऊ परिचारिका इंदुमतीसमोर बसवली होती. दिवा लाल, मग पिवळा, मग हिरवा. मुलगी चक्क हसायला लागली. "आता कोंडाजी, तुम्ही मध्ये बसा आणि काहीही बोला," रणदिवेबाई म्हणाल्या. कोंडाजीने पुढचं टायर बदलून मिळत नाही याची कहाणी सुरू केली. तीन मिनिटांत दिवा पिवळा झाला, मुलीने नाक ओढलं, आणि इंदुमती म्हणाली, "पुरे झालं ते टायर."

"लहानपणी सांधेतापाने यांच्या हृदयाची झडप बिघडली," रणदिवेबाईंनी खुलासा केला. "ठोका मधूनच चुकतो, आणि चुकण्यालाही नेम नाही. त्यात स्वभाव असा. यांच्या लयीला खुंटाच नाही, दिव्यालाही ती धरता येत नाही. हे कुणाला ओढू शकत नाहीत, कुणी यांना ओढू शकत नाही, पण शेजारचा बंध मात्र तोडतात. दोन तास समोर बसले तर मुरलेली लयसुद्धा विस्कटते. म्हणून गाडीत दोघांच्या मध्ये काच आहे, आणि रुग्णाच्या घरात यांनी दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही."

खरं तर पट्टी आल्यापासून दुसऱ्या माणसाची गरजच उरली नव्हती. बाकीच्या गाड्यांवर सेवक एकटेच जात, स्वतःच गाडी चालवत. इंदुमतीला तेवढी गाडी चालवता येत नव्हती, म्हणून कोंडाजी टिकला होता. हे तो जाणून होता, आणि त्याचा त्याला रागही यायचा.

जाता जाता रणदिवेबाईंनी पुढचा बेत सांगितला. आतापर्यंत सगळ्यांच्या पट्टीत एका म्हाताऱ्या दाईची लय आदर्श म्हणून भरलेली होती. आता यंत्रच निवड करणार होतं. ज्या सेवकाला सगळ्यात कमी वेळात, सगळ्यात स्थिर हिरवा दिवा मिळेल, त्याची त्या वेळची लय बेचाळीसही पट्ट्यांमध्ये आणि पुढच्या प्रत्येक पट्टीत आपोआप भरली जाणार होती.

सोहोनी इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या कानामागेही एक पट्टी लावून घेतली. समितीच्या बैठकांमध्ये उपयोग होईल, म्हणाले.

कोंडाजी बाहेर निघाला तेव्हा त्याची नजर भिंतीकडे गेली. जुन्या अभ्यासक्रमाचा तक्ता तिथे अजून होता, पण त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर आता मानपत्राची चौकट लटकत होती. खालची एकच ओळ दिसत होती. 'ओरडणारा थांबू शकतो. गप्प आहे त्याच्याकडे आधी जा.' वरच्या ओळी नव्या शिकवणीतून काढून टाकल्या होत्या. दिवा असताना पाठांतर कशाला?

*

महिन्याभराने उंबरकड्याहून फोन आला. भिवसेन लोहकरे नावाचा माणूस, गावच्या पाण्याच्या मोटारीवर काम करणारा. बायको गेल्यापासून वर्षभर त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. आठ दिवस तर त्याने झोप अशी घेतलीच नव्हती, भिंतीवर डोकं आपटून घेत होता, असं भावजय म्हणाली.

गाडी पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. कोंडाजी नियमाप्रमाणे अंगणात थांबला. दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. भिवसेन भिंतीला टेकून बसला होता. दाढी केलेली, धुतलेला सदरा, मांडीवर दोन्ही हात. तो कोयता घेऊन उभा असेल अशा तयारीने आलेली इंदुमती क्षणभर उंबऱ्यात थबकली. मग त्याच्यासमोर बसली.

कोंडाजीने बिडी पेटवायला काडी ओढली, आणि बिडी पेटते न पेटते तोच इंदुमतीच्या मनगटावर हिरवा उजेड दिसला.

त्याने आजवर अकरा मिनिटं पाहिली होती, कधी वीस पाहिली होती. इतक्यात हिरवा दिवा त्याने कधीच पाहिला नव्हता. तो दिवा दहा मिनिटं जराही हलला नाही. आत दोघं फारसं बोलतही नव्हती. विहिरीच्या काठावर बसून पाणी बघावं तशी एकमेकांकडे बघत होती.

"कालपर्यंत नुसता आकांत होता," भावजय कोंडाजीजवळ येऊन म्हणाली. "आज पहाटेपासून देवासारखा बसलाय. मोटारीच्या किल्ल्या सरपंचांना देऊन आला. थोरल्या भावाशी बारा वर्षांचा अबोला होता, तोही मिटवला. गाय आम्हाला दिली. बरं वाटलंय त्याला. फोन उगाच केला बघा आम्ही."

इंदुमती बाहेर आली. तिचा चेहरा इतका निवांत दिसत होता की कोंडाजीला वाटलं, ही आता कामावरून नाही, माहेरपणावरून आली आहे.

"ताई, दवाखान्यात नेऊ या का त्याला? मला काय खरं वाटत नाय."

"दिवा हिरवा आहे, दादा. चाळीस सेकंदांत. माझा आजवरचा विक्रम," ती म्हणाली आणि गाडीत काचेमागे जाऊन बसली.

भिवसेन दुसऱ्याच दिवशी गेला. त्याने आपला जीव आपल्या हाताने संपवला. तिसऱ्या दिवसाची भेट द्यायला गाडी गेली ती सुतक धरून बसलेल्या घरात. कोंडाजीला घाट उतरताना रस्ता दिसेना, इतकं डोळ्यांत पाणी येत होतं. काचेवर मूठ आपटून तो ओरडला, "ताई, रडा की थोडं. तुमच्यासमोर बसला होता माणूस."

"वाईट वाटतं ना," ती काचेपलीकडून म्हणाली. "पण मला फार शांत वाटतंय, दादा. इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं."

मृत्यूची नोंद दुसऱ्या खात्याकडे गेली. पिंपळदऱ्याच्या यंत्रापुढे आली ती फक्त दिव्याची नोंद. चाळीस सेकंद, दहा मिनिटं अढळ. सोमवारी सकाळी ती लय बेचाळीस पट्ट्यांमध्ये भरली गेली. मार्चपासून नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्यांनाही पट्ट्या मिळाल्या.

*

त्यानंतर दिवस फार गोड गेले. नंतर आठवून कोंडाजीला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची ती याच गोष्टीसाठी.

इंदुमतीने भांडणं सोडली. जावेशी सात वर्षं बोलत नव्हती, तिच्या घरी जाऊन पुरणपोळी खाऊन आली. रेवती, तिची लेक, नाशिकला वसतिगृहात राहून शिकत होती. तिला फोनवर निवांतपणे सांगायची की कागदपत्रं कुठल्या पेटीत आहेत, बियाणं कुठल्या कणगीत आहे. रखडलेली घराची पाखी तिने शाकारून घेतली. आणि ऐन उन्हाळ्यात, एप्रिलच्या दुपारी, काचेची खिडकी सरकवून आपली लाकडी मुठीची काळी छत्री कोंडाजीच्या हातात दिली. ती छत्री तिच्या बापाची. कुणी हात लावला तरी खवळायची.

"ही कशाला?"

"असू द्या. तुम्ही भिजता."

"पावसाला दोन महिने आहेत, ताई."

"म्हणून तर आत्ताच देते," ती हसून म्हणाली.

कोंडाजीची बायको सगुणा म्हणाली, "माणूस आपणहून देतंय तर घ्यावं. तुम्हाला मेलं कौतुकसुद्धा पचत नाही." मग कोंडाजीने छत्री खुंटीला लावली. खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी केंद्राचा वार्षिक मेळावा असायचा. बेचाळीस गाड्या पिंपळदऱ्याच्या मैदानात ओळीने उभ्या राहायच्या. मेळाव्याची एक रीत होती. प्रत्येकाने आपल्या भागातलं काहीतरी गाठोड्यात बांधून आणायचं आणि ते दुसऱ्या गाडीवाल्याला द्यायचं. कुणी नागलीचे पापड आणी, कुणी मध, कुणी हिरड्याची पूड. चिठ्ठ्या टाकून गाठोडी उघडताना हसून हसून पुरेवाट व्हायची. मागच्या वर्षी कोंडाजीच्या वाट्याला जिवंत कोंबडा आला होता आणि त्याने सभागृहभर सगळ्यांना पळवलं होतं.

यंदा कोंडाजी मागच्या खुर्चीत बसला होता. पहिलं गाठोडं उघडलं, त्यात बासरी निघाली. वाजवून वाजवून भोकांच्या कडा गुळगुळीत झालेली. दुसऱ्यात लग्नातला शालू. तिसऱ्यात बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ. मग आजोबांचा रेडिओ, चांदीचे वाळे, पहिल्या पगारातून घेतलेल्या सायकलची घंटी. एकही पापड नाही. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांचे चेहरे तृप्त होते. घेणारा म्हणायचा, "छान आहे." देणारा म्हणायचा, "तुम्हाला शोभेल." चाळीसेक मनगटांवर हिरवे दिवे लागलेले होते.

"भावाशी सगळं मिटवून टाकलं मी," पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला.

"मीही. कामं उरकली की किती हलकं वाटतं, नाही?" शेजारी म्हणाला.

हे सगळं कोंडाजीने कधीतरी मोठ्याने वाचलेलं ऐकलं होतं. तो उठला, काचेच्या खोलीत गेला आणि भिंतीवरची मानपत्राची चौकट काढून खाली ठेवली. जुन्या तक्त्याच्या वरच्या ओळी नऊ वर्षांपूर्वी इंदुमतीनेच मोठ्याने वाचून पाठ केल्या होत्या, गाडीत, तेव्हा दोघांमध्ये काच नव्हती. आवडती वस्तू देऊन टाकतो. जुनं वैर मिटवतो. हातातली कामं उरकतो. आणि शेवटची ओळ लाल अक्षरात होती. बरेच दिवस तळमळणारा माणूस एकाएकी शांत झाला, तर समजा त्याचं ठरलं आहे. त्याला एकटं सोडू नका.

छत्री आठवली आणि कोंडाजी संचालकांच्या खोलीकडे धावत सुटला.

*

रणदिवेबाई आपल्या खोलीत कागद आवरत होत्या. कोंडाजीने धापा टाकत, अर्धंमुर्धं, उलटंसुलटं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"मॅडम, तो भिवसेन. त्याची ती नोंद काढा. कोण हललं ते बघा."

बाईंनी पडद्यावर दोन रेघा आणल्या. "ही निळी इंदुमतीची, ही काळी रुग्णाची. नेहमी काळी रेघ वेडीवाकडी असते आणि हळूहळू निळीकडे येते." त्या थांबल्या. पडद्यावर काळी रेघ पहिल्या क्षणापासून सरळ होती, ओळंब्याने आखावी तशी. खाली वाकली होती ती निळी रेघ. चाळीस सेकंदांत ती काळीला जाऊन मिळाली होती आणि पुढे दोन्हींची एकच रेघ झाली होती.

"अस्सं," रणदिवेबाई म्हणाल्या. "तो हललाच नाही. त्याचं ठरलेलं होतं. ठरलेल्या माणसाइतकं स्थिर कुणीच नसतं, पट्टी लावलेलं माणूसही नाही. मग नियमाप्रमाणे तीच ओढली गेली. आणि यंत्राने ती लय सगळ्यांना दिली. म्हणजे आता बेचाळीस जण त्याच्या लयीत आहेत." त्यांनी पडद्याकडे कौतुकाने पाहिलं. "तुमचं बरोबर आहे, कोंडाजी. अगदी तर्काला धरून आहे."

"मग बंद करा ना ते."

"करता येईल. समितीला लिहावं लागेल. सोहोनीसर होते, पण त्यांनी परवाच राजीनामा दिला. आपली सगळी पुस्तकं ग्रंथालयाला पाठवलीत त्यांनी, भला माणूस." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "आणि नुसतं बंद करून काय होणार? लय मुरलेली आहे. महिनाभर जाणार नाही. आता घाई कशाची करायची?"

कोंडाजीने तेव्हा त्यांच्या कानाकडे पाहिलं. केसांखाली चिंचोक्याएवढी तपकिरी चकती होती.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं. सोनेरी पट्ट्याचं, जुनं. ते त्यांनी कोंडाजीच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं हलकेच मिटवली. "तुमच्याकडे घड्याळ नाही ना? घ्या. आईचं आहे, पण मला आता त्याचं काही काम नाही."

कोंडाजी मागे सरकत सरकत दारापर्यंत आला. नियंत्रण कक्षाला फोन लावला. पलीकडून मऊ आवाज आला, "दादा, शांत व्हा. सगळं ठीक होणार आहे." त्याने फोन ठेवून दिला. या आवाजाची त्याला आता भीती वाटत होती.

बेचाळीस जण, वर बाई, वर कक्षातले लोक. आणि बंध तोडू शकणारा एक माणूस, एका वेळी एकच बंध, तोही दोन तासांत. कुणाकडे आधी जायचं याचा विचार त्याने केला नाही. आपल्या माणसाकडे माणूस आधी जातो, त्यात चुकलं असेल तर चुकलं.

जेवण उरकून इंदुमती सभागृहाबाहेरच्या नळावर हात धूत होती. त्याने तिचा दंड धरला, तिला जवळजवळ ओढतच गाडीपाशी आणलं आणि काचेमागे न बसवता पुढे, आपल्या शेजारी बसवलं. दारं लावली. कानामागची चकती नखाने उचकटून बाहेर फेकली. मग सीटखालची छत्री काढून तिच्या मांडीवर आदळली. सकाळी तिला दाखवायला म्हणून, नव्या कापडाची करून आणली होती ती.

"घ्या तुमची छत्री परत."

"दादा, तुम्हाला दिली ना ती."

"मला नको. भिकारी समजता का मला? तुमच्या बापाची छत्री आहे, ताई. बापाची."

ती हसली. ते हसू बघून कोंडाजीला रडू आलं, आणि रडता रडता त्याने तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली. टायरचं बोलला. भिवसेनचं बोलला. नऊ वर्षांतली एकेक भांडणं उकरून काढली, हरिश्चंद्राच्या वळणावर तिने त्याला आंधळा म्हटलं होतं इथपर्यंत. रेवतीचं नाव घेऊन तिला जोरजोरात दटावलं, मग हात जोडले, मग पुन्हा शिव्या दिल्या. त्याची छाती धडधडत होती, मधेच एक ठोका चुकत होता, पुन्हा दोन लगोलग पडत होते. मैदानात ऊन तापलं होतं. गाडीत जीव गुदमरत होता, पण काच खाली करायला तो तयार नव्हता.

तास गेला. दिवा हिरवाच. त्याचा आवाज बसला तरी तो बोलत राहिला. दीड तास झाला तेव्हा ती म्हणाली, "मी तुम्हाला आंधळा म्हटलं नव्हतं."

"म्हटलं होतं."

"नव्हतं म्हटलं. बहिरा म्हटलं होतं," इंदुमती म्हणाली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. दिवा पिवळा झाला होता.

कोंडाजी दुप्पट जोराने भांडायला लागला.

दिवा लाल झाला. तिने मांडीवरच्या छत्रीकडे पाहिलं, ती छातीशी धरली आणि मोठ्याने रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आज घरी गेल्यावर मी... घर सारवून ठेवलंय, दादा. रेवतीला पत्र लिहून ठेवलंय. आजचाच दिवस ठरवला होता. आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं." तिने त्याची बाही घट्ट पकडली. "मला भीती वाटतेय."

"वाटू द्या," कोंडाजी म्हणाला. "लई चांगलं झालं."

तेवढ्यात समोरून इंजिनांचे आवाज आले. मेळावा संपला होता. एकेक गाडी वळून फाटकाबाहेर पडत होती. प्रत्येकीत एकच माणूस, मांडीवर दुसऱ्याच्या आवडत्या वस्तूचं गाठोडं घेतलेला. कुणी डांगेवाडीला चाललं होतं, कुणी कोथळ्याला, कुणी पार खिंडीपल्याड.

इंदुमतीने डोळे पुसले. "त्यांचंही आजचंच ठरलं असेल का, दादा? लय एकच आहे ना."

कोंडाजीने किल्ली फिरवली. फाटकातून गाडी काढली, घाटाला लावली आणि सायरन सुरू केला. तो ऐकून लोक थांबतील एवढीच त्याची आशा होती, आणि लोक थांबले. पुढच्या एकेचाळीस गाड्यांनी नियमाप्रमाणे, जराही गडबड न करता, आपापली गाडी डाव्या बाजूला घेतली. साऱ्या घाटभर त्या एकामागे एक उभ्या राहिल्या. प्रत्येक खिडकीतून एक हात बाहेर आला आणि 'जा पुढे' म्हणून हलला. प्रत्येक हातावर हिरवा दिवा होता.

"कुणापाशी थांबू?" कोंडाजीने विचारलं. "ताई, लवकर सांगा. आधी कोण?"

इंदुमतीने तक्त्यावरचा नियम आठवला. ओरडणारा थांबू शकतो, गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. तिने खिडकीतून वरपर्यंत पाहिलं. कुणीच ओरडत नव्हतं.